१९६९ ची फियाट सहा वर्षं उघडी पडून आहे: रिस्टोरेशन पुढे न्यावं की सोडून द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट सहा वर्षांपूर्वी पूर्ण उघडली. साडेतीन लाख गेले. टिंकर (पत्र्याचा मिस्त्री) काम अर्धं टाकून गेला. दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालच्या लांब पेट्या) सडलेत, इंजिन जाम आहे, सुटं सामान पोत्यांत भरून माळ्यावर पडलंय. आठवड्याला फार तर पाच तास देता येतात. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर आहे आणि वडील आता नाहीत. घरचे म्हणतात, भंगारात द्या.

गाडीसमोर उभं राहून ‘ठेवू की देऊ’ असा विचार केला तर उत्तर दर रविवारी बदलेल. आधी चार दिवस नीट तपासणी करा. तिचा क्रम ठरलेला आहे: कागद, मग पत्रा, मग सामानाची मोजदाद, मग तास आणि सगळ्यात शेवटी पैसे. बहुतेक लोक पैशापासून सुरुवात करतात आणि तिथेच गोंधळतात. कागद आणि पत्रा या दोन गोष्टी अशा आहेत की त्या हाताबाहेर गेल्या असतील तर बाकीचे आकडे काढण्यात अर्थ नाही.

कागदांपासून सुरू करा, कारण ती तपासणी जवळपास फुकट होते. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर ताडून पाहा. नंबर गंजाखाली असेल तर त्यावर ग्राइंडर किंवा वायर ब्रश चालवू नका. गंज काढणारं द्रावण कापसाने लावा, दहा मिनिटांनी मऊ कापडाने पुसा, तिरपा टॉर्च मारून फोटो काढा. ठोकलेला चेसिस नंबर सडून गेला असेल, किंवा मागच्या टिंकरने तो पत्रा कापून फेकला असेल, तर नंबर पुन्हा ठोकायला आरटीओची लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत गाडीवर एक रुपयाही घालू नये.

पुढचा मुद्दा नावाचा. मालक वारल्यानंतरच्या हस्तांतरासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. इतक्या जुन्या आरसीची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाही. मग ज्या आरटीओत गाडी पहिल्यांदा नोंदली गेली तिथल्या जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते. हे काम आजच सुरू करा, कारण गाडी ठेवा, विका किंवा अधिकृत केंद्रात मोडीत काढा, तिन्ही वाटांना आरसी लागतेच. कागद स्वच्छ असलेला सांगाडा आणि कागद नसलेला सांगाडा यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. दोन भाऊ सही करायला तयार नसतील तर ते आधी कळलेलं बरं.

तुमच्या गाडीला एक गोष्ट अनुकूल आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीला ही नोंदणी मिळते, १० वर्षांसाठी. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची वेळ आली तर ‘व्हीए’ अक्षरं असलेली मालिका मिळते आणि शुल्क २० हजार रुपये आहे. मात्र ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून कुणी ‘त्यात मारुतीचं इंजिन बसवून देतो, काम स्वस्तात होईल’ म्हणत असेल तर त्याला नाही म्हणा. त्या बचतीत ही वाट बंद होते.

आता पत्रा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरा निकाल इथेच लागतो. जीपसारख्या गाडीत खाली वेगळी चेसिस असते, वरची बॉडी सडली तरी गाडी उभी राहते. फियाटमध्ये तसं नाही. बॉडी हीच चेसिस आहे. सिल, फ्लोअर, खांब आणि आतल्या पेटीसारख्या पट्ट्या मिळून सगळा भार उचलतात. बोनेट सडलं तर बोनेट बदलता येतं. सिल सडला तर गाडीचा कणाच गेला.

तपासायला महागडं काही लागत नाही. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट टोकाचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर, १०० ग्रॅमची हातोडी, पत्रा खरवडायची पट्टी आणि टॉर्च एवढं पुरे. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप मिळाला तर सिलच्या भोकांतून आत बघता येईल. गाडी चार स्टँडवर घ्या, पण स्टँड सिलखाली लावू नका. खालून डांबर मारलेलं असेल तर आधी ते पूर्ण खरवडा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी डांबर मारायची पद्धत होती. त्याने नवा पत्रा टिकतो, पण गंजलेल्या पत्र्यावर मारलं की आतला ओलावा आतच राहतो आणि वरून सगळं काळंभोर, मजबूत दिसतं. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किंवा फायबर आहे. हातोडीने हलकं ठोकलं की चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो. तिथे स्क्रू-ड्रायव्हर हाताच्या जोराने दाबा. आत गेला तर तो पत्रा संपला.

भार घेणारी दहा ठिकाणं मोजा: दोन सिल, पुढचं सस्पेन्शन ज्यांना बोल्ट होतं त्या दोन लांब पट्ट्या, मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) चार हँगर, म्हणजे प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा, आणि पुढच्या दाराच्या खांबांची दोन मुळं, जिथे खालची बिजागरी येते. दहापैकी तीनपर्यंत गेली असतील तर काम नेहमीच्या कक्षेतलं आहे. चार ते सहा गेली असतील तर मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, बॉडीचं काम पूर्वी केलेला वेल्डर आणि मापाची चौकट हवीच. सात किंवा अधिक गेली असतील आणि गाडी डिलाइट-पद्मिनीसारखी (हीच गाडी पुढे पद्मिनी नावाने विकली गेली) भरपूर संख्येने बनलेली असेल, तर थांबावं असं माझं मत आहे. कारण सडलेल्याला सडलेलं जोडून उपयोग नसतो. वेल्ड धरायला चारी बाजूंनी निदान दोन इंच निरोगी पत्रा लागतो. तो सापडेपर्यंत कापत गेलं की शेवटी हातात फक्त छत आणि चेसिस नंबर उरतो.

तुमचे दोन्ही सिल गेले आहेत, म्हणजे दोन इथेच धरले. बाकीच्या आठांत पाट्यांचे मागचे हँगर सगळ्यात आधी पाहा. चाकांनी उडवलेला चिखल तिथे साचून वर्षानुवर्षं ओला राहतो. त्यानंतर डिकीच्या फ्लोअरच्या कडा आणि पुढच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांची बीडिंग उचलून बघा. काचेच्या कोपऱ्यातून पाणी आत झिरपतं, कार्पेटखाली साचतं आणि फ्लोअर व खांबाचं मूळ आतून खातं. फ्लोअर एकटं गेलं असेल तर घाबरू नका. १८ गेज सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्यातून ते घडवता येतं.

आता एक प्रश्न, ज्याच्या उत्तरावर तुमच्या गाडीचं बरंच काही अवलंबून आहे. आधीच्या टिंकरने सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप मारले होते का? पद्धत अशी आहे: २५ मिमीचा चौकोनी पाइप बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत, एक वर आणि एक खाली, टाके मारून बसवायचा. त्यानंतर एकाच बाजूचा सिल कापायचा, तो पूर्ण करायचा, मग दुसरी बाजू. पाइप न मारता दोन्ही बाजू एकदम कापल्या असतील तर बॉडी मध्ये झुकते, आणि त्या झुकलेल्या अवस्थेत नवा सिल वेल्ड झाला असेल तर तो बाक कायमचा बसतो. मग दारं कधीच लागत नाहीत, आणि लांबी भरभरून फटी सारख्या करण्याचा उद्योग सुरू होतो.

हे तपासायला ओळंबा घ्या. गाडी सपाट लादीवर चार स्टँडवर समपातळीत घ्या. पुढच्या सस्पेन्शनच्या बोल्टांची भोकं आणि मागच्या हँगरांची भोकं इथून ओळंबा सोडून लादीवर खडूने खुणा करा. खाली शिरून खुणांमधले कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिमीपर्यंत फरक चालतो. ६ ते १० मिमी असेल तर चौकटीवर घेऊन ओढावं लागेल. १० च्या वर गेला तर बॉडी एकतर टिंकरच्या कामात पिळली गेली आहे किंवा जुन्या अपघाताची आहे. मग दारं नुसती बिजागरीवर टांगून वरची आणि खालची फट मोजा. लॉकच्या बाजूला वर फट बंद होते आणि खाली उघडते, हे मध्ये झुकल्याचं लक्षण. झुकलेली बॉडी सरळ होते, पण त्यासाठी आधी केलेलं वेल्डिंग पुन्हा कापावं लागतं. म्हणजे जे काम झालंय असं तुम्ही धरून चालला आहात ते मोजणीत शून्य धरा.

इंजिन जाम आहे म्हणून काळजीत असाल तर ती बाजूला ठेवा. इंजिन हे गाडी सोडण्याचं कारण जवळपास कधीच नसतं. १०८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे आणि कोणत्याही चांगल्या लेथवाल्याच्या आवाक्यातलं आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं करून ५० मिली ओता आणि आठवडाभर ठेवा. मग क्रँकच्या नटाला पाना लावून पुढे-मागे थोडं थोडं हलवा. स्टार्टरने किंवा हँडलवर उभं राहून झटका देऊ नका, रिंगा तुटतात आणि बोअरला चर पडतात. हललं नाही तर हेड काढा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ब्लॉक बिडाचा. स्टडभोवती पांढरी पूड धरून हेड चिकटतं. फटीत छिन्नी घालून उचकटलं तर हेडचा चेहरा खराब होतो. रोज पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि लाकडी हातोडीने बाजूने ठोका. बोअरिंगला देण्याआधी कोणत्या ओव्हरसाइझचे पिस्टन प्रत्यक्ष हातात मिळतायत ते बघा, मग बोअर करा. उलटं केलं की बोअर एका मापाचा आणि पिस्टन दुसऱ्याच, असा ब्लॉक वर्षभर पडून राहतो. क्रँकचंही तसंच. दहा थाऊ, वीस थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बेअरिंग मिळतं का ते आधी पाहा, ग्राइंडिंग नंतर.

सामानाची मोजदाद एका रविवारात होते आणि ती बरंच काही उघड करते. पोती उलटी करा, प्रत्येक वस्तू जमिनीवर मांडा, ‘आहे’, ‘आहे पण निकामी’ आणि ‘नाही’ अशा तीन याद्या करा. ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, बुश, वॉटर पंप, पाटे यांची चिंता नको. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींमुळे हे सामान दशकानुदशकं बनत आणि विकलं जात राहिलं. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली, त्यामुळे मोठी मागणी संपली आहे. जे लागणार आहे ते आत्ताच यादी करून कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून उचला, ‘लागेल तेव्हा घेऊ’ म्हणू नका.

अडतं ते दिसणाऱ्या सामानाशी: डिलाइटची जाळी, दिव्यांच्या चकत्या, मीटर, दाराची हँडलं, क्रोमच्या पट्ट्या. यांतलं बरंच मझाकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. लोखंडी बंपर घासून पुन्हा क्रोम होतो. मझाकला आतून फोड आले की क्रोम उतरवताना खड्डे मोठे होतात. प्रत्येक खड्डा कोरून, तांबं चढवून, घासून, पुन्हा तांबं चढवून मग निकेल आणि क्रोम करावं लागतं. पुष्कळ प्लेटिंगवाले हे काम घेतच नाहीत. म्हणून ‘नाही’ आणि ‘निकामी’ या याद्यांत मझाकच्या दहाहून अधिक वस्तू असतील तर गाडी मूळ रूपात पूर्ण होण्याची आशा कमी धरा. चालती, पण क्रोम अपुरं असलेली गाडी चालणार आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारा. अनेकांना ती आनंदाने चालते.

आता तास. तुमच्या वर्णनावरून, बॉडी सरळ आहे असं धरून: दोन सिल ८० ते १००, फ्लोअर ४०, हँगरची डागडुजी ६०, खांबांची मुळं ३०, घासणं-प्रायमर-रंग १२० ते १५०, इंजिन काढणं-बसवणं ६०, ब्रेक ३०, वायरिंग ३०, आणि जोडणी १०० ते १२०. हे ५५० ते ६२० तास झाले. आठवड्याला पाच तासांनी ११० ते १२४ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून जास्त, एकही आठवडा न चुकता. दिवाळी, लग्नं आणि आजारपणं धरून तीन धरा. जोडणीचा आकडा लोकांना फुगवलेला वाटतो, पण सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने उघडलेली गाडी जोडताना अर्धा वेळ कुठला बोल्ट कुठला हे शोधण्यात जातो.

तीन वर्षांत तीन पावसाळे येतात, आणि हा मुद्दा हिशेबात कुणीच धरत नाही. रेड ऑक्साइड किंवा साधा सरफेसर ओलावा शोषतो. त्यावर एक पावसाळा गेला की खालून गंज पुन्हा सुरू होतो आणि घासण्याचे तास दुसऱ्यांदा मोजावे लागतात. उघडा पत्रा ठेवायचाच असेल तर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. छप्पर पक्कं नसेल, गाडी ताडपत्रीखाली असेल, तर मी त्या गाडीला चालू प्रकल्प म्हणणार नाही. तिथे दर जूनला काम मागे जातं.

पैशाचा हिशेब आता करता येईल. समजा आज आहे त्या स्थितीत, कागदांसह, सगळं सामान मिळून गाडीचे ६० हजार येतात. पूर्ण झाल्यावर अशी गाडी ४ लाखांना जाते असं धरू. उरलेलं काम ५ लाखांचं आहे. पुढे गेलात तर ५ लाख घालून किंमत ६० हजारांवरून ४ लाखांवर जाते, म्हणजे ३ लाख ४० हजारांनी वाढते. फरक १ लाख ६० हजार. ती वडिलांची गाडी पुन्हा दारात उभी राहण्याची किंमत. ती द्यायची तयारी असेल तर पुढे जा, त्यात काही वावगं नाही. या हिशेबात गेलेले साडेतीन लाख कुठेही आले नाहीत, याकडे लक्ष द्या. ते पुढे गेलात तरी गेले, थांबलात तरी गेले. आकडे अर्थात तुमच्या बाजारातले घाला. पत्र्याच्या कामाला मिळालेला अंदाज दीडपट करा, इंजिन-ब्रेकचा सव्वापट. पत्रा उघडल्यावर आत नेहमी जास्त सापडतं. इंजिन मोजून सांगता येतं, म्हणून तिथे चूक कमी होते.

तपासणीत दहापैकी चार-पाच ठिकाणं गेलेली, कर्ण सरळ, कागद स्वच्छ असं निघालं, तर माझा सल्ला पुढे जाण्याचा आहे, पण उद्दिष्ट बदलून. आधी बॉडी, ब्रेक, इंजिन. रंग आणि क्रोम नंतर. नवा टिंकर ठरवताना त्याला २० गेजच्या पत्र्याचे सहा-सहा इंचांचे दोन तुकडे द्या आणि कडेला कड लावून ०.८ मिमी वायरने सीओटू वेल्डिंग करायला सांगा. तो अंतर ठेवून टाके टाकत, थंड होऊ देत गेला आणि पत्रा सपाट राहिला तर माणूस कामाचा. एका दमात ओढून पत्र्याची पन्हळ केली, किंवा ‘वरून दुसरा पत्रा लावू’ म्हणाला, तर पुढचा शोधा. पत्र्यावर पत्रा चढवला की दोघांच्या मध्ये पाणी राहतं. आणि सिलवर पितळी झाळ मारायला कधीही परवानगी देऊ नका, ती भार घेणाऱ्या सांध्यासाठी नाही. पैसे टप्प्याने द्या: एक सिल पूर्ण, दार टांगून फट मोजली, मग पुढचा हप्ता.

सात ठिकाणं गेलेली, किंवा कर्ण १० मिमीहून जास्त बिघडलेले, किंवा छप्पर नाही आणि तासही नाहीत असं निघालं, तर सोडा, आणि लवकर सोडा. मार्च-एप्रिलमध्ये विकलेल्या आणि ऑक्टोबरमध्ये विकलेल्या गाडीत एका पावसाळ्याच्या गंजाचा फरक असतो. सामान पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावा, तीन याद्या छापून द्या, सडलेल्या ठिकाणांचे फोटो लपवू नका. ज्याला स्वतःच्या गाडीसाठी दारं, काचा, मीटर हवेत तो चांगली किंमत देतो, कारण त्याच्याकडे सरळ बॉडी आहे.

विकताना आधी फॉर्म ३१ ने गाडी आपल्या नावावर आणा, मग फॉर्म २९ आणि ३० ने घेणाऱ्याच्या. नुसत्या आरसी आणि चेसिस नंबरच्या तुकड्यात रस असलेला गिऱ्हाईक आला तर दार बंद करा. त्या कागदांवर चोरीची गाडी उभी राहू शकते आणि नोंद तुमच्या घरची असते. सामान काढून सांगाडा संपवायचा असेल तर आधी आरटीओला विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ते ठेव प्रमाणपत्र देतात, ते जपून ठेवा.

सांगाडा उचलताना दारांच्या चौकटीत आडवे पाइप असू द्या, नसतील तर तेवढ्यापुरते मारा. सिल नसलेली बॉडी मधोमध पट्टा टाकून क्रेनने उचलली तर ती दुमडते आणि घेणाऱ्याला काचेची चौकटही वाकडी मिळते. चाकं लावून, हँडब्रेक सोडून, सपाट ट्रकवर विंचने ओढून घ्या, आणि दोर पाट्यांच्या हँगरऐवजी ॲक्सलला बांधा.